टक्क्यांची पदं कशी होतात?

राज्यसेवेचा किंवा पोलीस भरतीचा निकाल लागला, की अभ्यासिकांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो. यादीत एका नावापुढे 'इमाव' (इतर मागासवर्ग) असं लिहिलेलं असतं आणि निवड मात्र खुल्या पदावर झालेली असते. खुल्या प्रवर्गातून तयारी करणारा मुलगा विचारतो, "यांना यांच्या जागा आहेतच की, मग आमच्या जागेवर हे कसे?" विचारणाऱ्याच्या मनात दरवेळी आकसच असतो असं नाही. खोलीभाडं आणि मेसचे पैसे घरून मागवत त्याने काही वर्षं काढलेली असतात, यादी एक-दीड गुणाने हुकलेली असते. आरक्षणाचे टक्के त्याला तोंडपाठ असतात, पण त्या टक्क्यांची पदं कशी होतात हे त्याला कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

या प्रकरणात तेवढंच पाहू. जातीमुळे ज्यांना शाळेच्या आणि कचेरीच्या दारातच अडवलं गेलं, त्यांना तिथे हक्काने जागा मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे. पण आरक्षण हवं म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघंही ज्या आकड्यांवरून भांडतात ते आकडे भरतीच्या फायलीत कसे उतरतात हे बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. आणि मिळालेलं आरक्षण हातचं जातं ते पुष्कळदा तिथेच, हिशेबाच्या एखाद्या नियमात.

१. खुली जागा कुणाची?

एसटीत काही बाकांवर 'महिलांसाठी राखीव' असं रंगवलेलं असतं. बाई बसमध्ये चढली आणि दुसरं एखादं बाक रिकामं दिसलं तर ती खुशाल तिथे बसते. 'तुमचं बाक तिकडे आहे' म्हणून कंडक्टर तिला उठवत नाही. काही बाकं राखीव आहेत म्हणून उरलेली पुरुषांची होत नाहीत. खुल्या पदाचंही असंच आहे.

हिशेब करून पाहू. १० पदांची भरती आहे. सोपं जावं म्हणून एकच राखीव प्रवर्ग धरू: ६ पदं खुली, ४ इतर मागासवर्गाची. सगळ्या उमेदवारांची गुणांप्रमाणे एकच यादी लावायची. पहिले सहा जण खुल्या पदांवर जातात, त्यांची जात बघायची नाही. या सहांत दुसरा आणि पाचवा इतर मागासवर्गातले निघाले, तर तेही खुल्या पदांवरच. मग सातव्या क्रमांकापासून खाली येत त्या प्रवर्गातले पुढचे चार घ्यायचे. म्हणजे इतर मागासवर्गातले एकूण सहा जण लागले.

आता त्या मुलाच्या म्हणण्याप्रमाणे करून पाहा. दुसऱ्याला आणि पाचव्याला उचलून राखीव पदांवर ठेवलं. राखीव पदांवर आता नव्या दोघांचीच सोय उरली, आणि खुल्या सहाही पदांवर फक्त आरक्षण नसलेल्या जातींचे उमेदवार आले. म्हणजे कुठेही न लिहिता ६० टक्के पदं त्या जातींसाठी राखीव झाली. मागासवर्गाला किमान ४ पदं मिळावीत म्हणून केलेली तरतूद, '४ च्या वर मिळणार नाहीत' अशी होऊन बसली. राज्यघटनेच्या कलम १६(४) चा हा अर्थ नाही. मंडल आयोगाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १६ नोव्हेंबर १९९२ रोजी निकाल दिला, त्यात हे स्पष्ट केलेलं आहे: राखीव प्रवर्गातला उमेदवार स्वतःच्या गुणांवर खुल्या स्पर्धेतून निवडला गेला, तर त्याला राखीव कोट्यात मोजायचं नाही.

याला एक अट आहे. केंद्राच्या नियमाप्रमाणे उमेदवाराने वयोमर्यादेत किंवा परीक्षेच्या संधींमध्ये सवलत घेतली असेल, तर त्याची गणना राखीव पदांवरच होते. 'स्वतःच्या गुणांवर' म्हणताना ही अटही ध्यानात ठेवावी लागते.

प्रवेशाच्या वेळी थोडी वेगळी अडचण येते. वैद्यकीयला एका मुलीचा क्रमांक इतका वर आहे, की तिला नांदेडच्या सरकारी कॉलेजात खुली जागा मिळते. तिला हवं आहे मुंबईचं कॉलेज. तिथल्या खुल्या जागा संपल्या आहेत, पण इतर मागासवर्गाची एक जागा शिल्लक आहे आणि तिच्यापेक्षा कमी गुणांची मुलगी ती घेऊ शकते. मग जास्त गुण मिळवल्याची शिक्षा म्हणून हिने नांदेडला जावं का? सर्वोच्च न्यायालयाचं उत्तर असं: तिला मुंबईची राखीव जागा घेऊ द्यावी, मात्र मोजताना तिला खुल्या गुणवत्तेतच मोजावं. आणि तिच्यामुळे ज्या राखीव उमेदवाराची जागा गेली, त्याला तिने सोडलेली नांदेडची जागा द्यावी. दोघांची नुसती अदलाबदल झाली, खुल्या आणि राखीव जागांची बेरीज होती तेवढीच राहिली. १९९६ पासून न्यायालयाची ही दिशा आहे आणि २०१८ च्या एका निकालात तिचा हिशेब उदाहरणासह मांडलेला आहे.

२. उभं आणि आडवं

जाहिरातीच्या तक्त्यात प्रवर्ग असतात, आणि प्रत्येक प्रवर्गात पुन्हा महिला, खेळाडू, माजी सैनिक, प्रकल्पग्रस्त, दिव्यांग, अनाथ असे रकाने असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती, इतर मागासवर्ग हे सामाजिक आरक्षण. ते उभं आहे. महिला, खेळाडू वगैरे रकाने प्रत्येक उभ्या प्रवर्गाला आडवे छेदतात, म्हणून त्याला समांतर आरक्षण म्हणतात. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत महिलांसाठी ते ३० टक्के आहे.

दोन्हींची मोजणी निराळी असते. २० खुली पदं आहेत, ३० टक्क्यांनी महिलांची ६ झाली. प्रथम गुणांप्रमाणे २० जण निवडायचे. त्यात ६ महिला आधीच असतील तर काहीच करायचं नाही, अट पुरी झाली. चारच असतील तर यादीतले शेवटचे दोन पुरुष काढून गुणानुक्रमे पुढच्या दोन महिला घ्यायच्या. म्हणजे उभ्या आरक्षणात गुणांवर वर आलेला माणूस कोट्याबाहेर मोजतात, आडव्यात गुणांवर आलेली बाई कोट्यातच मोजतात. हा फरक कळला नाही म्हणून किती तरी भरत्या वर्षानुवर्षं न्यायालयात अडकून पडल्या.

त्यातला मोठा वाद होता तो पुढच्या दोन महिला कोणत्या घ्यायच्या याचा. खुल्या प्रवर्गातल्या महिलांच्या पदांवर फक्त आरक्षण नसलेल्या जातींच्याच महिला घ्यायच्या असा अर्थ अनेक ठिकाणी लावला गेला. उत्तर प्रदेशातल्या पोलीस शिपाई भरतीत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. खुल्या महिला गटात निवड झालेल्या शेवटच्या उमेदवाराचे गुण होते २७४.८२९८. इतर मागासवर्गातल्या काही मुलींना याहून जास्त गुण होते. तरी त्यांना घेतलं नाही, कारण त्या 'इतर मागासवर्गातल्या' होत्या आणि त्यांच्या प्रवर्गाचा कटऑफ याहून वर गेला होता. ज्या दाखल्याने दार उघडायचं, त्याच दाखल्याने त्यांच्यासाठी ते बंद झालं. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं आणि २७४.८२९८ पेक्षा जास्त गुण असलेल्या इतर मागासवर्गातल्या महिलांना नोकरी द्यायला सांगितलं. खुला प्रवर्ग हा कुठल्या जातींचा कोटा नाही, तो सगळ्यांना खुला आहे, आणि त्यातला महिलांचा भागही सगळ्या महिलांना खुला आहे, हे त्या निकालाचं सार. मुंबई उच्च न्यायालयाने त्याआधीच हीच भूमिका घेतलेली होती.

३. वहीतले बिंदू

आता टक्क्यांकडे येऊ. केंद्रात अनुसूचित जातींना १५, अनुसूचित जमातींना साडेसात आणि इतर मागासवर्गाला २७ टक्के आरक्षण आहे. १०० पदांत साडेसात माणसं बसवता येत नाहीत. २०० पदांत १५ बसतात. म्हणून केंद्राची नामावली २०० क्रमांकांची आहे. प्रत्येक क्रमांकाला बिंदू म्हणतात आणि कोणता बिंदू कोणत्या प्रवर्गाचा हे आधीच ठरलेलं असतं. हीच बिंदुनामावली. कचेरीत सगळे तिला रोस्टर म्हणतात.

बिंदू कसे ठरले हे शाळेतल्या गणिताने कळतं. २७ टक्के म्हणजे तीन पदांमागे ०.८१ आणि चार पदांमागे १.०८. चौथ्या पदाला पहिल्यांदा एक पूर्ण होतो, म्हणून चौथा बिंदू इतर मागासवर्गाचा. आठव्याला दोन पूर्ण होतात, बाराव्याला तीन. १५ टक्क्यांत सातव्या पदाला १.०५ होतं, म्हणून सातवा बिंदू अनुसूचित जातीचा. साडेसात टक्क्यांत एक पूर्ण व्हायला चौदावं पद उजाडावं लागतं, म्हणून चौदावा अनुसूचित जमातीचा. चौदाव्यालाच अनुसूचित जातीचेही दोन पूर्ण होतात, पण एका बिंदूवर दोघे बसत नाहीत. तेव्हा त्यांना पंधरावा दिला आहे. आर्थिक दुर्बल घटकांचं १० टक्के आरक्षण २०१९ मध्ये आलं, त्यांचा पहिला बिंदू दहावा.

ज्याचा टक्का लहान त्याचा बिंदू उशिरा येतो, हे इथे लक्षात ठेवा. पुढे ते फार महत्त्वाचं ठरणार आहे.

महाराष्ट्राची नामावली १०० बिंदूंची आहे आणि तिचा क्रम वेगळा आहे. कार्यालयाने ही वही लिहायची आणि विभागीय आयुक्त कार्यालयातल्या मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची. 'मावककडून रोस्टर तपासून आलं का?' हा प्रश्न जाहिरात काढण्याआधी आस्थापना शाखेत रोज ऐकू येतो. संवर्गात मुळात एकच पद असेल तर मात्र ते आळीपाळीनेही राखीव ठेवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये ठरवलेलं आहे.

४. रिकामी जागा मोजायची की पद?

समजा एका संवर्गात १०० पदं आहेत आणि वहीप्रमाणे ती सगळी भरली. पुढे कुणी निवृत्त झालं तर वही पुन्हा पहिल्या बिंदूपासून सुरू करायची का? अनेक वर्षं तसंच व्हायचं. रिकाम्या होणाऱ्या जागा क्रमाने मोजत जायच्या. त्यात एखाद्या प्रवर्गाची माणसं वाट्यापेक्षा जास्त व्हायची, एखाद्याची कमी. पंजाबच्या पाटबंधारे खात्यातल्या अभियंत्यांचा, आर. के. सभरवाल यांचा खटला १९९५ मध्ये निकाली निघाला आणि नियम बदलला: मोजायची ती पदं. नामावली एकदा पूर्ण झाली की ती थांबते. त्यानंतर ज्या प्रवर्गाच्या बिंदूवरचा माणूस गेला, त्याच प्रवर्गातून नवा माणूस घ्यायचा. आज भरती किती पदांची आहे एवढंच बघून चालत नाही, कचेरीत सध्या कोण बसलेलं आहे हेही बघावं लागतं.

ही दृष्टी कोल्हापुरात फार आधी आलेली होती. शाहू महाराज १८९४ मध्ये गादीवर आले तेव्हा संस्थानच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजी, महाराज इंग्लंडमध्ये असताना, रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासलेल्या वर्गांना देण्याचा हुकूम निघाला. ही तारीख आपल्याकडे सगळ्यांना माहीत असते. त्या हुकमातली पुढची दोन वाक्यं मला त्याहून मोलाची वाटतात. ज्या कचेऱ्यांमध्ये मागासलेल्या वर्गांचं प्रमाण ५० टक्क्यांहून कमी आहे, तिथे पुढची नेमणूक त्या वर्गातल्याच माणसाची करावी, हे एक. आणि झालेल्या नेमणुकांचा तक्ता सर्व खातेप्रमुखांनी दर तिमाहीला सादर करावा, हे दुसरं. कोण बसलंय ते मोजा आणि मोजलेलं दाखवा. हुकूम काढून राजा स्वस्थ बसला, तर दिवाणखान्याबाहेर काय होतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

५. विभाग की विद्यापीठ?

टक्के जसेच्या तसे ठेवून आरक्षण कसं नाहीसं करता येतं, हे २०१८ मध्ये देशाने पाहिलं.

विद्यापीठात सहायक प्राध्यापक, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापक असे तीन संवर्ग असतात. प्रत्येक संवर्गासाठी सगळ्या विद्यापीठाची मिळून एक वही ठेवायची पद्धत होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं, की इतिहासाचा प्राध्यापक काही रसायनशास्त्रात जाऊन शिकवत नाही, तेव्हा प्रत्येक विभागाची वही वेगळी हवी. विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी तसे आदेश काढले. वरवर ऐकताना म्हणणं पटण्यासारखं आहे. आता गणित करू.

एका विद्यापीठात ४० विभाग आहेत आणि प्रत्येकात सहायक प्राध्यापकाची ३ पदं. एकूण १२०. सगळ्यांची एक वही ठेवली तर इतर मागासवर्गाची ३२, अनुसूचित जातींची १८ आणि अनुसूचित जमातींची ९, मिळून ५९ पदं राखीव होतात. आता ४० वेगळ्या वह्या करा. प्रत्येक वहीत पहिला, दुसरा, तिसरा असे तीनच बिंदू. पहिला राखीव बिंदू येतो चौथा. तो कुठल्याच वहीत नाही. ५९ ची शून्य झाली.

लहान संवर्गासाठी पुढच्या नेमणुकांना पुढचे बिंदू लावायची सोय आहे, तेरा बिंदूंची नामावली म्हणून गाजली ती हीच. तीन पदांच्या विभागातला एक माणूस गेला की चौथा बिंदू, म्हणजे इतर मागासवर्गाचा उमेदवार. चार जण गेले की सातवा, अनुसूचित जातीचा. आदिवासी उमेदवारासाठी चौदावा बिंदू यायला ११ जण जावे लागतात. केंद्रीय विद्यापीठात प्राध्यापक ६५ व्या वर्षी निवृत्त होतो. एकेकाने ३० वर्षं नोकरी केली असं धरलं, तर तीन खुर्च्यांवरून ११ माणसं उठायला ११० वर्षं लागतील. नंदुरबारच्या एखाद्या पाड्यावरची मुलगी आज पीएच.डी. होऊन दाराशी उभी आहे. तिला सांगायचं, तुझा टक्का शाबूत आहे, फक्त तुझ्या पणतूच्या वेळी ये.

देशभर शिक्षक आणि विद्यार्थी रस्त्यावर उतरले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सरकारचं अपील फेटाळलं. अखेर मार्च २०१९ मध्ये अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी संसदेने कायदा केला: केंद्रीय शिक्षण संस्थांमध्ये वही सगळ्या संस्थेची मिळून एकच. महाराष्ट्राने २०२१ मध्ये राज्यातल्या विद्यापीठांसाठी आणि महाविद्यालयांसाठी याच धर्तीवर कायदा केला.

या सगळ्या काळात कुणीही 'आरक्षण काढा' असं म्हटलं नव्हतं. साडेबावीस अधिक सत्तावीस टक्के कागदावर तसेच होते. बदललं होतं ते एवढंच, की वही कुणाच्या नावाची. आरक्षणाची बाजू मांडणाऱ्यांनी हे गणित बोटांवर असू द्यायला हवं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. सभेतल्या घोषणेला ते सापडत नाही.

६. मर्यादा आणि अनुशेष

१९९२ च्या निकालाने आरक्षणाला साधारणपणे ५० टक्क्यांची मर्यादा घातली. महाराष्ट्रात अनुसूचित जाती १३, अनुसूचित जमाती ७, विमुक्त जाती व भटक्या जमातींचे चार गट मिळून ११, विशेष मागास प्रवर्ग २ आणि इतर मागासवर्ग १९ मिळून ५२ होतात. त्यात आर्थिक दुर्बल घटकांचे १० आणि २०२४ च्या कायद्याने मराठा समाजाला दिलेले १० धरले की ७२. मराठा समाजासाठीचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०२१ रोजी रद्द केला होता. २०२४ च्या कायद्यालाही आव्हान दिलं गेलं. या वादावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, इथे त्यात शिरत नाही.

अनुशेषाकडे मात्र फारसं कुणी पाहत नाही. राखीव पदाची जाहिरात निघते, मुलाखती होतात आणि शेवटी शेरा येतो: 'योग्य उमेदवार आढळला नाही.' पद रिकामंच राहतं. अशी साठलेली पदं म्हणजे अनुशेष. ती पुढच्या वर्षीच्या राखीव पदांत मिळवली तर त्या वर्षीचा आकडा ५० टक्क्यांच्या वर जायचा, आणि मर्यादेचं कारण दाखवून ती भरायची नाहीत असा पेच होता. २००० साली ८१ वी घटनादुरुस्ती झाली. तिने अनुशेषाची पदं वेगळी धरून त्या वर्षीच्या मर्यादेतून वगळली. पेच सुटला, तरी पदं आपोआप भरली जात नाहीत. भरती लांबवली, पद निरसित केलं किंवा तेच काम ठेकेदारामार्फत करून घेतलं, की वहीत तो बिंदू उरतच नाही.

७. जाहिरात वाचताना

भरतीची जाहिरात हातात आली की बहुतेक जण थेट आपल्या प्रवर्गापुढचा आकडा बघतात. तिथे शून्य दिसलं की एक तर राग येतो, नाही तर माणूस गप्प बसतो. शून्य बरोबरही असू शकतं, कारण त्या प्रवर्गाचे बिंदू आधीच भरलेले असतील. ते चूकही असू शकतं. नुसत्या जाहिरातीवरून हे कळत नाही. त्यासाठी तीन गोष्टी लागतात: संवर्गात मंजूर पदं किती, सध्या कोणत्या प्रवर्गाची किती भरलेली, आणि खुल्या स्पर्धेतून आलेल्या मागासवर्गीयांना वहीत खुल्या बिंदूवर दाखवलंय की राखीव. तिसऱ्या ठिकाणी गफलत असेल तर पहिल्या भागातली तीच चूक सरकारी कागदावर पक्की झालेली असते. महाराष्ट्राच्या २००१ च्या आरक्षण अधिनियमात जाणूनबुजून उल्लंघन करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षेची तरतूद आहे, पण उल्लंघन दाखवायला आधी वही बघावी लागते.

ती मागता येते. संवर्गाचं नाव लिहून 'मागासवर्ग कक्षाने तपासलेल्या अद्ययावत बिंदुनामावलीची प्रत' एवढंच माहिती अधिकाराच्या अर्जात मागावं. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज त्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे द्यायचा, आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करायचं.